वनजिल्ह्यांतील पदवी आणि वनजिल्ह्यांचे प्रश्न : वाणिज्य, रसायनशास्त्र व फौजदारी न्याय

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील पदवी शिक्षणाची चर्चा बहुधा महाविद्यालयांची संख्या, प्राध्यापकांची रिक्त पदे आणि निकालाची टक्केवारी यांपाशी थांबते. वर्गात काय शिकवले जाते आणि ज्या भूमीवर ते शिकवले जाते तिच्याशी त्याचे नाते काय, हा प्रश्न त्यामानाने क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत आढाव्यात या प्रश्नाचा विचार तीन विषयांपुरता केला आहे : वाणिज्य, रसायनशास्त्र आणि फौजदारी न्याय, म्हणजे गुन्हा, तपास, खटला, शिक्षा आणि पुनर्वसन यांचा एकत्र अभ्यास. हे तीन विषय विद्यापीठाच्या रचनेत तीन वेगळ्या शाखांत पडतात. मात्र तेंदूपत्ता, मोहफूल, बांबू, कोळसा आणि लोहखनिज यांवर ज्या प्रदेशाचे जीवन चालते तेथे एकच वस्तू सकाळी बाजारात, दुपारी प्रयोगशाळेत आणि पुढे कधीतरी न्यायालयात पोहोचते, आणि या तीनही ठिकाणी तिचा अर्थ लावणारी माणसे याच महाविद्यालयांतून बाहेर पडणे अपेक्षित असते.

या भागातील उच्च शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत जुना चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्हा होता. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीने १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय सुरू केले, तर चंद्रपूर शहरातील जनता महाविद्यालय व सरदार पटेल महाविद्यालय, ब्रह्मपुरीचे नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालय आणि आरमोरीचे महात्मा गांधी महाविद्यालय यांसारख्या संस्थांनी एका पिढीच्या अवधीत कला, वाणिज्य व विज्ञान या शाखा तालुक्यांपर्यंत नेल्या. १९८२ मध्ये गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे २२ लाख आणि गडचिरोलीची १० लाख ७३ हजारांच्या आसपास होती. गडचिरोलीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक आहे आणि जिल्ह्याचा दोनतृतीयांशांहून अधिक भाग वनाखाली आहे. विद्यापीठ वेगळे करण्यामागे नागपूरचे अंतर हे एक कारण होते. दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण असे की, या प्रदेशाला स्वतःचा अभ्यासक्रम हवा होता. अंतराचा प्रश्न काही अंशी सुटला. अभ्यासक्रमाचा प्रश्न अजून बऱ्याच अंशी तसाच आहे.

वाणिज्य शाखेपासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण तिची जडणघडण सर्वांत स्पष्टपणे दिसते. मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय निघाले तेव्हा बँका, गिरण्या आणि आयात-निर्यात पेढ्या यांना लागणारे प्रशिक्षित कर्मचारी हा त्यामागचा हेतू होता. विदर्भात जमनालाल बजाज यांच्या शिक्षा मंडळाने १९४० मध्ये वर्ध्यात गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू केले आणि पुढे नागपुरातही ती परंपरा वाढली. बी. कॉम.च्या अभ्यासक्रमाची चौकट मात्र सर्वत्र साधारण सारखीच राहिली : आर्थिक लेखांकन, परिव्यय लेखांकन म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, कंपनी कायदा, लेखापरीक्षण, करआकारणी आणि व्यवस्थापनाची तत्त्वे. या चौकटीत व्यवसाय करणारा घटक तीन रूपांत येतो, ती म्हणजे एकल व्यापारी, भागीदारी संस्था आणि कंपनी. चंद्रपूर शहर, बल्लारपूर, घुग्घुस किंवा गडचांदूर येथील विद्यार्थ्याला हे तिन्ही घटक आसपास दिसतात, कारण तेथे कागद गिरणी, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, सिमेंट कारखाने आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले ठेकेदार आहेत. धानोरा, कोरची किंवा एटापल्लीच्या विद्यार्थ्याच्या गावात सर्वांत मोठी उलाढाल करणारी संस्था यांपैकी कोणतीच नसते. ती ग्रामसभा असते.

हे विधान थोडे विस्ताराने समजून घ्यावे लागेल. तेंदूपत्ता, म्हणजे विडी वळण्यासाठी लागणारे टेंभुर्णीचे पान, याचा व्यापार महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने शासनाच्या नियंत्रणाखाली आला आणि अनेक वर्षे वन विभाग घटकवार लिलाव करून ठेकेदार नेमत असे. १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत पंचायत व्यवस्थेचा विस्तार करणारा केंद्रीय कायदा, आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावरील मालकी ग्रामसभेकडे दिली. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले, आणि तेंदूच्या हंगामात वन विभागामार्फत विक्री करायची की स्वतः करायची, असे दोन पर्याय ग्रामसभांपुढे राहिले. त्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा स्वतः जाहिरात देतात, निविदा उघडतात, ठेकेदाराशी करारनामा करतात, फळीवर, म्हणजे गावच्या संकलन केंद्रावर, पुडे मोजून घेतात आणि मजुरी व रॉयल्टी वेगवेगळी वाटतात. एका पुड्यात साधारणतः ७० पाने आणि एका प्रमाण गोणीत १,००० पुडे धरतात. गोणीचा दर, अनामत रक्कम, पाने भिजल्यास होणारी घट, हप्ते थकल्यास माल अडवून ठेवण्याचा अधिकार, आणि आयकर कायद्याप्रमाणे तेंदूपत्त्याच्या विक्रीवर विक्रेत्याने खरेदीदाराकडून वसूल करावयाचा कर, या सगळ्या गोष्टी एका हंगामात, तीही मे महिन्याच्या काही आठवड्यांत, पार पाडाव्या लागतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला, तेव्हापासून बांबूच्या बाबतीतही असाच हिशेब गावपातळीवर ठेवला जाऊ लागला.

इतक्या गुंतागुंतीच्या व्यवहाराचे लेखांकन कसे करावे, ग्रामसभेचा ताळेबंद कसा मांडावा, समाईक मालमत्तेतून आलेले उत्पन्न आणि कुटुंबाला दिलेली मजुरी यांच्या नोंदी वेगळ्या कशा ठेवाव्यात, सामाजिक लेखापरीक्षण आणि आर्थिक लेखापरीक्षण यांची सांगड कशी घालावी, हे वाणिज्य शाखेचेच प्रश्न आहेत. ते तसे ओळखले गेले नाहीत आणि म्हणून ग्रामसभेचे दप्तर बहुतेक ठिकाणी स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने किंवा गावातील दोन-चार शिकलेल्या मुलांच्या कष्टावर चालते. गोंडवाना विद्यापीठाने ग्रामसभांच्या क्षमतावृद्धीसाठी उपक्रम हाती घेतले आहेत आणि त्यांचे महत्त्व नाकारता येणार नाही. तथापि क्षमतावृद्धीचे प्रशिक्षण ही एक गोष्ट आणि पदवीच्या मुख्य विषयात ग्रामसभा हा लेखांकनाचा चौथा घटक म्हणून येणे ही दुसरी. पहिल्या मार्गाने त्या वर्षीचा व्यवहार निभावतो. दुसऱ्या मार्गानेच त्या व्यवहाराचे शास्त्र तयार होऊ शकते, ज्याला पुढे पाठ्यपुस्तक, परीक्षक आणि संशोधक मिळतात.

रसायनशास्त्राची स्थिती काहीशी वेगळी आहे, कारण या विषयाचे तत्त्व स्थानानुसार बदलत नाही आणि बदलू नये. अणुरचना, रासायनिक बंध, सेंद्रिय अभिक्रियांची यंत्रणा किंवा ऊष्मागतिकी गडचिरोलीत वेगळी शिकवण्याचे काही कारण नाही. प्रश्न प्रात्यक्षिकाचा आहे. बी. एस्‌सी.च्या पहिल्या दोन वर्षांत बहुतेक विद्यापीठांत जे प्रयोग असतात त्यांत पाण्याचा कठीणपणा ईडीटीए या संयुगाने मोजणे, डायक्रोमेटच्या साहाय्याने लोहाचे प्रमाण काढणे, तेलाचा साबणीकरण निर्देशांक ठरवणे आणि कॅल्शियमचे अनुमापन करणे, म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने मिसळून अज्ञात पदार्थाचे प्रमाण शोधणे, हे प्रयोग ठरलेले असतात. हे प्रयोग बाटलीत आलेल्या शुद्ध रसायनांवर केले जातात. लोहासाठी फेरस अमोनियम सल्फेटचे स्फटिक वापरले जातात. ज्या प्रयोगशाळेपासून काही तासांच्या अंतरावर एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज, कोरपना तालुक्यातील आवारपूरचा चुनखडक आणि घरोघरी साठवलेल्या मोहाच्या बियांचे तेल उपलब्ध आहे, तेथे तेच प्रयोग त्या नमुन्यांवर करणे खर्चाचे नाही. खनिज आम्लात विरघळवण्यापासून नमुना प्रातिनिधिक कसा घ्यावा इथपर्यंतचे कौशल्य त्यातून येते, आणि हेच कौशल्य कोनसरीच्या पोलाद प्रकल्पापासून सिमेंट कारखान्यांच्या गुणवत्ता विभागापर्यंत सर्वत्र लागते.

पाण्याचा विषय याहून गंभीर आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास कमाल १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, त्यापलीकडे दीर्घकाळ सेवन झाल्यास दात व हाडे यांवर परिणाम होतो. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक समूहांचा जो सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि ते देशातील अतिप्रदूषित समूहांत मोजले गेले. २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र, त्याची राख, उघड्या कोळसा खाणींतून उपसलेले पाणी, इरई आणि झरपट या नद्यांची अवस्था, हे सगळे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या घरासमोरचे प्रश्न आहेत. एखाद्या महाविद्यालयाने आपल्या पंचक्रोशीतील ठरावीक विहिरींचे पाणी दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यानंतर तपासून नोंदी सलग दहा वर्षे जपल्या, तर त्या नोंदींचे मोल कोणत्याही एकट्या शोधनिबंधाहून अधिक ठरेल. असे काम पदवीच्या पातळीवर शक्य आहे, कारण त्याला महागड्या यंत्रांपेक्षा शिस्त आणि सातत्य लागते.

बल्लारपूरच्या कागद गिरणीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. बांबू आणि लाकूड यांपासून लगदा करताना सोडियम हायड्रॉक्साइड व सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात लिग्निन, म्हणजे तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे द्रव्य, विरघळवले जाते. त्यातून उरलेला काळा द्रव जाळून रसायने परत मिळवली जातात. या एका प्रक्रियेत सेंद्रिय, असेंद्रिय व भौतिक रसायनशास्त्र, बांबूच्या हक्काचा कायदा आणि कच्च्या मालाच्या दराचे अर्थशास्त्र एकत्र येते, आणि तरी ती या तीन विषयांच्या तीन पाठ्यपुस्तकांत बहुधा कोठेच पूर्ण सापडत नाही.

फौजदारी न्याय हा तिसरा विषय भारतात पदवीच्या पातळीवर स्वतंत्रपणे फार थोड्या ठिकाणी शिकवला जातो. अमेरिकेत १९६० च्या दशकात, विशेषतः १९६७ च्या राष्ट्राध्यक्ष आयोगाच्या अहवालानंतर आणि पोलिसांच्या शिक्षणासाठी मिळालेल्या संघराज्य निधीमुळे, हा विषय शेकडो महाविद्यालयांत पसरला. भारतात सागर विद्यापीठाने १९५९ मध्ये गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञान यांचा विभाग सुरू केला आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तो समाजकार्याच्या अंगाने वाढला. परंतु बहुतेक विद्यापीठांत तो विधी, समाजकार्य, राज्यशास्त्र आणि विज्ञान यांत विखुरलेला राहिला. चंद्रपूर-गडचिरोलीतही तेच चित्र आहे. चंद्रपूरच्या शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालयासारख्या ठिकाणी दंडसंहिता व साक्षीपुरावा शिकवला जातो, गडचिरोलीच्या फुले-आंबेडकर समाजकार्य महाविद्यालयासारख्या संस्थेत परिवीक्षा व बालन्याय यांची ओळख होते, आणि न्यायसहायक विज्ञानाची पदवी घ्यायची असेल तर नागपूरच्या शासकीय संस्थेत जावे लागते. कला शाखेच्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला यांतले काहीच मिळत नाही, आणि पोलीस शिपाई, वनरक्षक, कारागृह कर्मचारी किंवा न्यायालयीन लिपिक होण्याची तयारी करणारे विद्यार्थी मुख्यतः त्याच शाखेत असतात. सकाळी मैदानावर धावणाऱ्या आणि दुपारी भरतीची पुस्तके वाचणाऱ्या या मुलामुलींना तीन वर्षांत पंचनामा म्हणजे काय, जप्तीचा माल कसा जपावा, अटक झालेल्या माणसाचे हक्क कोणते, हे महाविद्यालयातून कळत नाही, ही या भागातील पदवी शिक्षणाची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

त्यातही वनगुन्ह्यांचे क्षेत्र येथे विशेष मोठे आहे. वनरक्षक गुन्हा नोंदवतो तो पीओआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राथमिक गुन्हा अहवालाने. १९२७ चा भारतीय वन अधिनियम, १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि २००६ चा वनहक्क कायदा या तिघांची मर्यादारेषा अनेकदा एकाच घटनेत तपासावी लागते. एखाद्या गावकऱ्याने तोडलेला बांबू हा जुन्या कायद्याने गुन्हा आणि नव्या कायद्याने हक्क ठरू शकतो. विजेच्या तारेने झालेल्या वाघाच्या शिकारीत तपासाची सारी भिस्त घटनास्थळावरील नमुन्यांवर असते, आणि ताडोबा व ब्रह्मपुरीच्या जंगलांत असे प्रसंग काल्पनिक नाहीत. चंद्रपुरात वन अकादमी आहे. तिच्यातील तज्ज्ञता आणि महाविद्यालयांतील वर्ग यांच्यामध्ये नियमित देवाणघेवाण असती, तर वनगुन्ह्याचा पदवीस्तरीय अभ्यासक्रम देशात पहिल्यांदा येथेच घडू शकला असता.

भाषेचा प्रश्न न्यायाच्या संदर्भात अधिक तीव्र होतो. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत उलगडून सांगावी, हा फौजदारी प्रक्रियेचा जुना नियम आहे. भामरागडचा माडिया, कोरचीचा गोंड आणि सिरोंच्याचा तेलुगू भाषक यांच्यासाठी हा नियम न्यायाचा पहिला टप्पा असतो. न्यायालयीन दुभाष्याचे शिक्षण ही भाषा, कायदा आणि नीती यांची एकत्रित विद्या आहे, आणि ती देण्यासाठी गोंडी व माडिया बोलणारे विद्यार्थी ज्या विद्यापीठात बसलेले आहेत त्याच्याइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. याच प्रदेशाला लागून असलेल्या बस्तरमधील मारिया समाजात घडलेल्या शंभर खुनांच्या नोंदींचा अभ्यास करून व्हेरिअर एल्विन यांनी १९४३ मध्ये ‘मारिया मर्डर अँड सुइसाइड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. आदिवासी समाजातील गुन्हा हा स्वभावाचा दोष मानण्याऐवजी नातेसंबंध, दारू, आजार, जादूटोण्याची भीती यांच्या संदर्भात तपासण्याची ती पद्धत आजही शिकण्यासारखी आहे, त्यातील काही निष्कर्ष जुने झाले असले तरी.

दारूबंदीच्या इतिहासात हे तीन विषय सर्वांत स्पष्टपणे एकत्र येतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदीच्या काळात पोलिसांनी जप्त केलेली हातभट्टीची दारू किंवा मोहाचा सडवा रासायनिक तपासणीसाठी पाठवावा लागतो आणि सीए रिपोर्ट या नावाने ओळखला जाणारा अहवाल आल्याशिवाय खटला उभा राहणे अवघड असते. नमुना किती घेतला, बाटली कोणासमोर सीलबंद झाली, ती किती दिवस पोलीस ठाण्यात राहिली आणि अल्कोहोलचे प्रमाण कोणत्या पद्धतीने काढले, यांवर निकाल अवलंबून असतो. रसायनशास्त्राच्या पदवीधराला विश्लेषण येते पण पुराव्याची साखळी ठाऊक नसते, आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला साखळी ठाऊक असते पण अहवालातील आकड्याचा अर्थ लागत नाही. दुसऱ्या बाजूला मोहफूल हे आदिवासी कुटुंबाचे अन्न आणि उत्पन्न आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने त्याच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर जे निर्बंध घातले होते ते राज्य शासनाने २०२१ मध्ये सैल केले, कारण त्यांमुळे फूल गोळा करणाऱ्याला भाव मिळत नव्हता. मोहाचे सरबत, लाडू किंवा मनुके यांसारखे पदार्थ विकायचे तर साखरेचे प्रमाण, आर्द्रता, टिकवणूक, वेष्टन, अन्नसुरक्षा परवाना आणि किंमत ठरवणे, या सगळ्यांचे ज्ञान लागते. एकाच फुलाच्या अभ्यासातून वाणिज्य, रसायन आणि कायदा या तिघांची पायाभरणी होऊ शकते, आणि ती तशी करणे हेच या प्रदेशातील पदवीचे खरे काम आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या दिशेने एक दार उघडले आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या रचनेत मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतील खुले ऐच्छिक विषय, कौशल्याधारित पाठ, क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण यांना श्रेयांक, म्हणजे अध्ययनाच्या तासांवर आधारित गुणभार, दिले आहेत. रसायनशास्त्र मुख्य घेणाऱ्या विद्यार्थ्याला साक्षीपुराव्याची ओळख करून देणारा विषय आता नियमात बसतो, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याचा क्षेत्रप्रकल्प तेंदूच्या फळीवर होऊ शकतो. अडचण अशी की, ज्या महाविद्यालयात एकच शाखा आहे आणि तीन-चार प्राध्यापकांवर सारा भार आहे तेथे ऐच्छिक विषय कागदावरच ऐच्छिक राहतात. दक्षिण गडचिरोलीत खडू-फळ्यावर चालू शकणारी कला शाखा जितकी पोहोचली तितकी विज्ञान शाखा पोहोचली नाही, कारण तिला पाणी, वीज, रसायने आणि प्रयोगशाळा सहायक लागतात. शेजारच्या महाविद्यालयांनी प्राध्यापक व प्रयोगशाळा वाटून घेणे, उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांची निवासी प्रात्यक्षिके घेणे आणि श्रेयांक एकमेकांकडे मान्य करणे हे उपाय खर्चात बसणारे आहेत. माध्यमाचाही विचार त्याबरोबर व्हायला हवा : विद्यापीठीय स्तरावरील मराठी पुस्तके काढण्यासाठी नागपुरात ग्रंथनिर्मिती मंडळ काम करत होते आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही आहेत. तरी बी. एस्‌सी.चा विद्यार्थी बारावीपर्यंत कोणत्या भाषेत शिकला याची दखल न घेता त्याला थेट इंग्रजी पुस्तकांकडे पाठवले जाते, आणि घरी माडिया बोलणाऱ्यासाठी तर ती तिसरी किंवा चौथी भाषा असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या सर्व चर्चेला एक निश्चित कालमर्यादा दिली आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करावे, अशी तरतूद तिच्यात आहे आणि ती प्रत्यक्षात आणण्यासाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंतची मुदत आहे. गडचिरोलीसारख्या १४,४१२ चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात, जेथे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, ही तरतूद पाळायची तर तज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी राहणारा असावा लागेल. नव्या रचनेत २०२४ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची तीन वर्षांची पदवी २०२७ मध्ये आणि चार वर्षांची २०२८ मध्ये पूर्ण होते, तर संहितेची मुदत २०२९ मध्ये संपते.